देव धुतलेस की पूजा केलीस? (पूजा, अर्चा, उपासना, आराधना इत्यादी)

उंबरठा (धागाकर्ता)

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि देवघर माझ्या अंगावर पडलं. आमचं देवघर तसं लहान: बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक शाळिग्राम, एक बाण (शंकराचं बाणलिंग), खंडोबा-भवानीचे टाक. सकाळी डबा, पाणी भरणं आणि पावणेआठची बस यांच्यामध्ये मला बारा मिनिटं मिळतात. सगळे देव ताम्हनात, वरून तांब्याभर पाणी, पुसले, गंधाचा ठिपका, दोन फुलं, निरांजन, की पळालो.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आईने विचारलं, "देव झाले का?" मी म्हटलं, झाले. "म्हणजे पूजा केलीस, की नुसते देव धुतलेस?"

उत्तर देता आलं नाही. बसमध्ये डोक्यात तेच घोळत राहिलं. आपण पूजाअर्चा, उपासना, आराधना, भक्ती, सेवा हे सगळे शब्द एकाच डब्यातले लाडू असल्यासारखे वापरतो. पण आई "माझी पूजा झाली" रोज म्हणते, "माझी उपासना झाली" असं कधीच म्हणत नाही. मामाबद्दल मात्र घरात म्हणतात, "त्याची गणपतीची उपासना आहे." "त्याची गणपतीची पूजा आहे" म्हटलं तर अर्थ पार बदलतो, आपण जेवायला जायच्या तयारीला लागतो!

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. कोशातले अर्थ नकोत, ते मी पाहिले. प्रत्येक शब्दापुढे बाकीचे चार लिहून ठेवलेत.

---

टिंबटिंब

वाचतोय. आईंना लवकर आराम पडो.

---

पाटावरचा

पन्नासेक वर्षं पूजा सांगतो आहे, म्हणून चार शब्द. (लक्षात घ्या, मी पूजा "सांगतो". करतो तो यजमान. हल्ली यजमान मोबाइलवर असतो आणि दोन्ही कामं माझ्याकडे येतात, ते सोडा.)

पूजेचे सोळा उपचार क्रमाने वाचा: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा, एकेका उपचाराला एकेक. आता यातला देव क्षणभर बाजूला ठेवा आणि घरी पाहुणा आलाय असं समजा. या म्हटलं, बसायला दिलं, पाय धुवायला पाणी दिलं, चूळ भरायला दिलं, आंघोळीचं पाणी काढलं, नेसायला दिलं, अत्तर लावलं, जेवू घातलं. पूजा ही मुळात अशी पाहुणचाराची रीत आहे. वेळ नसेल तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार पुरतात. त्यालाही शास्त्राची संमती आहे, तेव्हा उंबरठा, तुमची बारा मिनिटं अगदीच वाया गेलेली नाहीत. तुम्ही नैवेद्याचं काही लिहिलं नाहीत, तेवढं बघा.

एक बारीक गोष्ट. शाळिग्राम आणि बाण यांना आवाहन नाही, विसर्जनही नाही. ते पाहुणे नव्हेत, घरचेच.

---

आडसर

गुरुजींशी सहमत. उलट मी म्हणेन की आधी माणसाची पूजा होती, देवाची नंतर आली. मनुस्मृतीतलं "यत्र नार्यस्तु पूज्यन्ते" घ्या. तिथे बायकांना पाटावर बसवून हळदकुंकू वाहा असं सांगितलेलं नाही, मान द्या असं सांगितलंय. "विद्वान् सर्वत्र पूज्यते" मध्येही तेच. आणि मराठी लग्नात हा जुना अर्थ अजून धडधाकट आहे. वरपक्ष गावाच्या वेशीवर आला की त्याचा सत्कार, ते सीमांतपूजन. त्याचं लोकांनी श्रीमंतपूजन केलं, आणि खर्च बघता ते नावही चुकीचं म्हणवत नाही. पुढे मांडवात नवऱ्या मुलाला मधुपर्क, म्हणजे दही-मध. थीमे नावाचे जर्मन पंडित होते, त्यांनी पूजा शब्दाचं मूळ पाहुण्याच्या या मधुपर्काशीच जोडलं होतं.

दुसरा पक्ष म्हणतो की शब्द द्राविडी आहे. तमिळमध्ये पू म्हणजे फूल, चेय् म्हणजे करणे. किंवा पूसु, म्हणजे लिंपणे, माखणे. शेंदूर माखलेला म्हसोबा डोळ्यांपुढे आणला की ही दुसरी व्युत्पत्ती मनाला पटकन पटते, पण मनाला पटणं हा पुरावा नव्हे. विद्वानांचं अजून एकमत नाही.

---

बार्शी लाईट

आमच्या शाळेत मास्तरही रोज पूजा करायचे. षोडशोपचारे. शेवटचा उपचार छडीचा.

(हलके घ्या)

---

रंकाळ्याकाठी

कोल्हापूरची माणसं अजून कशी आली नाहीत या धाग्यावर? आमच्याकडे पूजा "बांधतात".

नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधली जाते. श्रीपूजक तासन्‌तास खपतात. साडीच्या निऱ्या, दागिने, प्रभावळ, सगळं त्या दिवसाच्या रूपाप्रमाणे. संध्याकाळी कट्ट्यावर प्रश्न असतो, "आजची पूजा बघितलीस का?" इथे पूजा ही क्रियाच नाही, ती बघायची वस्तू आहे. जोतिबाच्या डोंगरावर तर खडी पूजा आणि बैठी पूजा असे शब्द आहेत. पुण्याच्या मावसभावाला मी एकदा "आज बैठी पूजा आहे" म्हटलं, तर तो म्हणाला, मग काय, उभ्याने करतात का? त्याला वाटलं भटजी बसलेत. अरे, देव बसलाय!

तेव्हा सोळा उपचारांच्या यादीत आमची पूजा नुसती वस्त्र आणि अलंकार यांच्यात कोंबू नका. पाहुण्याला कपडे देणं वेगळं आणि आज आई कुठल्या रूपात दिसेल हे ठरवणं वेगळं.

---

उंबरठा (धागाकर्ता)

रंकाळ्याकाठी, हे माहीतच नव्हतं. "पूजा बांधणे" मी बातम्यांत वाचलं होतं आणि मला ते "पूल बांधणे" सारखं छापखान्यातलं वाटलं होतं. क्षमस्व.

अर्चा राहिली. पूजाअर्चा म्हणतो त्यातलं अर्चा म्हणजे भाजीबिजीतलं "बिजी" आहे का?

---

आडसर

नाही हो. अर्चा पूजेपेक्षा थोरली आहे वयाने. ऋग्वेदात पूजा हा शब्द शोधून दमाल, पण अर्च् जागोजागी आहे, आणि तिथे त्याचा अर्थ गाणं, ऋचांनी स्तुती करणं असा आहे. "गायन्ति त्वा गायत्रिणो अर्चन्त्यर्कमर्किणः". फुलं नाहीत, पाणी नाही, मूर्ती तर नाहीच. त्याच घरातला अर्चि म्हणजे ज्वाला.

पुढे मजा झाली. अर्चा म्हणजे जिची अर्चा करायची ती मूर्तीच, असा अर्थ रूढ झाला. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे व्याकरणावरच्या ग्रंथात, एक वाक्य आहे: "मौर्यैर्हिरण्यार्थिभिरर्चाः प्रकल्पिताः". पैशाच्या लोभाने मौर्यांनी अर्चा, म्हणजे मूर्ती, करवून घेतल्या. तिजोरी भरायला देव, ही आयडिया दोन हजार वर्षांहून जुनी आहे म्हणायची.

आजच्या मराठीत अर्चा एकटी फिरत नाही. "मी अर्चा केली" कोण म्हणतं? अर्चन मात्र टिकलं: कुंकुमार्चन, सहस्रार्चन. तिथे एकेक नाव घेऊन एकेक चिमूट वाहायची. नाव उच्चारण्याशी असलेलं जुनं नातं तेवढं त्या शब्दाने सोडलेलं नाही, असं आपलं माझं मत.

---

कुपीतलं_अत्तर

स्त्री आयडी, वय विचारू नये. मला इथे एक सुचलं. नामांकडे बघत बसण्यापेक्षा त्यांच्या मागे मराठी माणूस कुठलं क्रियापद लावतो ते बघा.

पूजा मांडतात, घालतात, सांगतात, बांधतात, उचलतात. सत्यनारायण घालतात. हे सगळं हातांनी होतं आणि संपतं. सकाळी मांडलेली पूजा उत्तरपूजा झाली की उचलायची, चौरंग शेजारणीला परत द्यायचा.

उपासना मांडता येते का? घालता येते? नाही. उपासना "असते", "चालते", "वाढते", आणि "खंडते". समर्थांनीही "उपासनेला दृढ चालवावें" असंच म्हटलंय, करावी असं नाही. शब्द फोडला तर उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणं. जवळ बसून राहणं. शंकराचार्य गीतेच्या बाराव्या अध्यायावर लिहिताना उपासनेला तेलाच्या धारेची उपमा देतात: पाण्यासारखी थेंब थेंब नाही, अखंड. म्हणून तुमच्या मामांची उपासना "आहे". ते बसमध्ये असले तरी आहे. तुमची पूजा मात्र पावणेआठला संपते.

भक्ती जडते. नाहीतर "करायची म्हणून" करतात, आणि ते लगेच दिसतं.

सेवा रुजू होते. हे कचेरीतलं क्रियापद आहे, नोकरही कामावर रुजू होतो. देव मालक, आपण चाकर. आणि सेवा देवाने स्वीकारली तरच रुजू, नाहीतर तुम्ही केलीत तेवढीच.

आराधनेला मराठीत कुठलंच सवयीचं क्रियापद नाही, म्हणून तो शब्द मला नेहमी इस्त्री केलेला वाटतो. भाषणातला.

---

टिंबटिंब

+१०० कुपीतलं अत्तर. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा होता.

---

भंडारा उधळला

आराधना इस्त्रीची? ताई, तुळजापूरच्या रस्त्याला या एकदा. आमच्याकडे आराधी आणि आराधिणी असतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, घरोघर जोगवा. माझी आजी आराधीण होती. तिला आराधना शब्द कुणी विचारला असता तर तिने तोंडाला पदर लावला असता, पण अख्खं आयुष्य तिचं त्यातच गेलं. पोथी नाही, पाट नाही, सोळा उपचार नाहीत. संबळ वाजला की उभी.

तेव्हा शब्द भाषणातला झाला असेल शहरात.

---

कुपीतलं_अत्तर

भंडारा उधळला, चूक मान्य. आराधी शब्द मला माहीत होता आणि तरी आराधनेशी जोडला नाही. दिव्याखाली अंधार.

---

आडसर

आराधनेबद्दल एक भर. राध् म्हणजे सिद्ध होणं, संतुष्ट करणं. आ लावला की आराधना, अप लावला की अपराध. दोघं सख्खे. एकात देव राजी होतो, दुसऱ्यात नेम चुकतो. सोलापूर-सांगलीच्या सीमेकडे, कर्नाटकाच्या शेजारात, राघवेंद्रस्वामींच्या पुण्यतिथीलाही आराधना म्हणतात, तो आणखी तिसरा वापर.

---

निळी पहाट

धागा चांगला चाललाय, पण सगळे एकाच देवघरात उभे आहेत, म्हणून लिहिते.

आमच्याकडे शब्द वंदना आहे. बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या तिन्हींत "उपासना करणार नाही" असे शब्द आहेत. पूजा म्हटलेलं नाही, उपासना म्हटलंय. मला हे नेहमी अचूक वाटत आलंय. हात जोडले जातील कुठेतरी, शेजाऱ्याच्या घरी आरतीला उभंही राहावं लागेल. पण त्यांच्याजवळ मनाने बसणं बंद. (कुपीतलं अत्तर यांचा प्रतिसाद वाचल्यावर हे जास्त नीट मांडता आलं, त्यांचे आभार.)

एक छोटी तक्रारही. मी जिथे नोकरीला होते तिथे 6 डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेवर दरवर्षी "प्रतिमापूजन" छापायचे. मी दरवर्षी खोडून "अभिवादन" लिहायचे. पुढच्या वर्षी पुन्हा प्रतिमापूजन. जुनी फाइल उघडून तारीख बदलत असणार, दुसरं काय.

---

पाटावरचा

निळी पहाट ताई, राग नसावा, माहिती म्हणून विचारतो. वंदनेतच "पूजेमि बुद्धं" आहे ना? फुलं वाहताना म्हणतात ते.

---

निळी पहाट

राग कसला, बरोबर आहे. "पूजेमि बुद्धं कुसुमेन नेन". मंगलसुत्तातही "पूजा च पूजनीयानं" आहे. पण तिथे पूजा म्हणजे आडसर यांनी वर सांगितलेला जुना अर्थ, मान देणं. फूल कोमेजतं तसं हे शरीरही नाश पावणार, असं त्याच गाथेत पुढे म्हटलंय. मागणं नाही, गाऱ्हाणं नाही. पालीत पूजेचे दोन भेदही आहेत: आमिसपूजा, म्हणजे फुलं-दिवे-वस्तूंची, आणि पटिपत्तिपूजा, म्हणजे शिकवणीप्रमाणे वागणं. बुद्धांनी दुसरी श्रेष्ठ म्हटली. आणि गंमत म्हणजे जी उपासना आम्ही नाकारली, तिच्यातलाच उपासक हा शब्द आमच्याकडे गृहस्थ अनुयायाला आहे. बुद्धाजवळ बसणारा, एवढाच.

---

व्हय_म्हाराजा

गाऱ्हाणं शब्द आला, आता मी गप्प बसणं शक्य नाही.

तळकोकणात प्रार्थनेला गाऱ्हाणंच म्हणतात. शहरातल्या मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे देवळासमोर नारळ धरून गावकर उभा राहतो आणि देवापुढे गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा, ता मान्य करून घे... काय चुकला माकला असात तर पोटात घाल..." आणि दर वाक्याला मागचे सगळे, "व्हय म्हाराजा!" यात स्तुती जवळजवळ नाहीच. देव म्हणजे गावचा मुख्य, त्याच्यासमोर कामकाज चाललंय. कौल लावायचा, पाकळी उजवी पडते की डावी ते बघायचं. देवाने उत्तर द्यायचंच असतं. पूजा पुजारी करतो, ती आत. गाऱ्हाणं बाहेर, सगळ्यांदेखत.

गोव्यातही कौलप्रसाद आहेच. आणि तिथले आमचे ख्रिस्ती शेजारी रविवारी "मिसाक", म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला जातात, शब्द पोर्तुगीज मिस्सापासून. तिकडे पूजा आणि मीस असे दोन शब्द शेजारी-शेजारी सुखाने नांदतात, कुणी एकाचं दुसऱ्यात भाषांतर करायला जात नाही.

---

जुनी घंटा

मराठी ख्रिस्ती, अहमदनगरकडचा. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या सभेला उपासनाच म्हणतात. "उपासना किती वाजता?" "साडेनऊला." तेव्हा कुपीतलं अत्तर यांच्या नियमाला अपवाद नोंदवतो: आमच्याकडे उपासना सुरू होते, संपते, आणि नंतर चहाही असतो. वसईचे कॅथलिक मिस्सा म्हणतात.

पूजा शब्द मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या मराठी साथीदारांनी टाळला, तो मूर्तीला चिकटलेला वाटला म्हणून. मराठी बायबलात मूर्तिपूजा आहे आणि देवाची उपासना आहे. मुंबईत 1867 ला निघालेल्या प्रार्थना समाजानेही साप्ताहिक उपासनाच ठेवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर तिथे बोलायचे. म्हणजे एकोणिसाव्या शतकात ज्याला ज्याला मूर्तीपासून अंतर राखायचं होतं, त्याने त्याने उपासना उचलली. आणि मग 1956 ला तोच शब्द नकारासाठी वापरला गेला, हे निळी पहाट यांच्यामुळे आत्ता लक्षात आलं.

---

खाडीपल्याड

नमाजचं कुणी लिहिलं नाही. आम्ही कोकणी मुसलमान, घरात निमाज म्हणतो. शब्द फारसी, अरबी नाही, अरबीत सलात. आणि फारसी नमाज व संस्कृत नमस् हे एकाच मुळाचे, वाकणे या अर्थाचे. माझे एक संस्कृतचे सर हे सांगून वर्गात खूश व्हायचे, मी घरी येऊन वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, "मग? वाकतोच तर आहोत." इबादत मोठा शब्द. त्यात अब्द आहे, म्हणजे दास. निमाज ही इबादतीतली एक. रोजा, जकात याही इबादतच.

---

आडसर

खाडीपल्याड, वा! आणि हे गणित आपल्याकडेही तसंच बसतं. भागवतातल्या नवविधा भक्तीत श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन यांच्यानंतर अर्चन पाचवं आहे, वंदन सहावं. म्हणजे पूजा ही भक्तीच्या नऊ खोल्यांपैकी एक खोली. आपण तिलाच घर समजतो.

भक्तीची तर व्युत्पत्ती जेवणाच्या पानावर आहे. भज् म्हणजे वाटणे. भाग, विभाग, भाजक सगळे त्यातले. भक्त म्हणजे वाटणीला आलेला हिस्सा, त्यावरून अन्न, शिजवलेला तांदूळ. आणि त्या भक्तापासूनच मराठीतला भात आला. आपला भात आणि विठ्ठलाचा भक्त एकाच शब्दाची लेकरं.

---

वाळवंटातला टाळ

विठ्ठलाचं नाव निघालं म्हणून. वारी संपली, आषाढीची गर्दी ओसरली, की पंढरपुरात प्रक्षाळपूजा असते. यात्रेत देव रात्रंदिवस उभा असतो, त्याचा पलंग काढून ठेवलेला असतो, शेजारती बंद. मग प्रक्षाळपूजेला शिणवटा घालवायला पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान, आणि रात्री काढा देतात. सुंठ-मिरीचा वास गाभाऱ्याबाहेर येतो. पाटावरचे गुरुजी पाहुणचार म्हणाले. इथे उलटं आहे. दमलाय तो यजमान, लाखो पाहुणे जेवून-खाऊन गेलेत.

आणि तुकोबांचं एक ऐका: "करितां देवार्चन। घरा आले संतजन। देव सारावे परते। संत पूजावे आरते." पूजा चालू असताना दारात संत आले तर देव बाजूला सारा. शब्दही बघा: देवाला अर्चन, माणसाला पूजा. आडसर म्हणतात तो जुना अर्थ तुकोबांच्या कानात होता.

---

बार्शी लाईट

काढ्याचं वाचून गंभीर झालो. आता विनोद नाही.

---

उंबरठा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आई काल घरी आली. वॉकर घेऊन आधी देवघरापाशी गेली, टाकांवरून बोट फिरवलं, काही बोलली नाही. संध्याकाळी तिला हा धागा वाचून दाखवला. आराधिणीच्या प्रतिसादाला "असंच" म्हणाली. तुकोबांचा अभंग तिला पाठ होता, पुढची ओळ तिनेच म्हटली. भक्त आणि भात ऐकल्यावर थांबवलं.

"तू नैवेद्य काय दाखवत होतास रे?"

"दूधसाखर."

"आठ दिवस?"